मल्लखांबाचे वय किती?

(आर्वी, जि. वर्धा येथील एका व्यायामशाळेच्या वार्षिक समारंभात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो मला इथल्याच एका पालकांनी दिला. निमंत्रण देण्यासाठी मंडळी घरी आली तेव्हा त्यांच्यासोबत ते गृहस्थ होते. त्यांचा थोरला मुलगा याच पटांगणावर सकाळी मल्लखांब करतो आणि धाकटी मुलगी संध्याकाळी पलीकडच्या कोपऱ्यात पांढरा पोशाख घालून तायक्वांदो शिकते. ते मला म्हणाले, ‘‘भाऊ, एकाच घरात एक स्वदेशी आणि एक विदेशी, असे झाले आहे. पण तुम्हीच मागे लिहिले होते ना, की हे सगळे चिनी-जपानी-कोरियन प्रकार मुळात आपलेच आहेत? बोधिधर्माने नेलेले? ते एकदा सभेत सांगा, म्हणजे माझ्या मनाची टोचणी जाईल.’’

त्या गृहस्थांची स्मरणशक्ती चांगली आहे. मी तसे लिहिले होते. बोधिधर्म नावाचा दक्षिण भारतीय राजपुत्र चीनला गेला, त्याने शाओलिन मठातील भिक्षूंना आपले कलरीपयट्टू शिकवले, त्यातून चिनी कुंग फू, त्यातून जपानी कराटे आणि त्यातून कोरियन तायक्वांदो जन्माला आले, अशी सरळ वंशावळ मी एका रविवारच्या लेखात मांडली होती. लेख पुष्कळांना आवडला. अभिनंदनाची पत्रे आली. त्यानंतर काही महिन्यांनी महाविद्यालयात शिकणारा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. एका वादविवाद स्पर्धेत त्याने माझ्या लेखातील मजकूर आपला म्हणून मांडला होता. परीक्षकांनी त्याला एकच प्रश्न विचारला, ‘‘याला आधार कोणता?’’ त्याने माझे नाव सांगितले. परीक्षक म्हणाले, ‘‘आणि त्यांचा आधार?’’ मुलगा मंचावर गप्प उभा राहिला. सभागृह हसले. तो माझ्या दारात आला तेव्हा त्याच्या हातात त्या लेखाचे कात्रण होते. तो रागावलेला नव्हता. त्याने एवढेच म्हटले, ‘‘काका, तेवढा आधार द्या, मी त्यांना पत्राने कळवतो.’’

माझ्याजवळ आधार नव्हता. मी कुठेतरी वाचले होते आणि ज्याने लिहिले त्यानेही कुठेतरी वाचले होते. त्या मुलाला मी रिकाम्या हाताने परत पाठवले. आज जे बोलणार आहे ते त्या मुलाला तेव्हा सांगायला हवे होते.

प्रथम बोधिधर्माबद्दल. त्याच्याविषयीचा सर्वांत जुना उल्लेख इ.स. ५४७ च्या सुमारास यांग श्युआनझी याने लिहिलेल्या लोयांग नगरातील मठांच्या वर्णनात येतो. तिथे तो पश्चिमेकडून आलेला इराणी भिक्षू आहे. त्याच्या परंपरेतील तानलिन याने त्याला दक्षिण भारतातील राजपुत्र म्हटले आहे आणि पुढे तेच मत रूढ झाले. या दोन्ही ठिकाणी तो ध्यान करणारा साधू आहे. तो कुणाला हाणामारी शिकवत नाही. भिक्षूंना व्यायाम शिकवल्याची कथा ‘यिजिन जिंग’ या ग्रंथावर उभी आहे. तो ग्रंथ सातव्या शतकातील प्रस्तावना लावून प्राचीन म्हणून मिरवतो, पण तो प्रत्यक्षात १६२४ च्या सुमारास रचला गेला. ही बनावट उघड करणारा संशोधक परका नव्हता. तांग हाओ हा चिनी संशोधक स्वतः युद्धकलेचा अभ्यासक होता आणि १९३० मध्ये त्याने शाओलिनबद्दलच्या या कथा तपासून बाजूला काढल्या. आपल्या लोकांना ते आवडले नाही. आता आपल्या बाजूने पाहा. कलरीपयट्टूची जडणघडण अकराव्या शतकातील चोल-चेर संघर्षाच्या काळात झाली, असे केरळचे इतिहासकार इलंकुलम कुंजन पिळ्ळै यांचे मत आहे. ते मान्य केले तर सहाव्या शतकातील बोधिधर्म कलरी शिकवणार तरी कशी? चिनी कथा आणि आपली कथा एकमेकींच्या खांद्यावर उभ्या आहेत आणि दोघींच्याही पायाखाली जमीन नाही.

याचा अर्थ आपण काही दिलेच नाही असा नव्हे. ‘ध्यान’ हा आपला शब्द चीनमध्ये ‘छान’ झाला आणि जपानमध्ये ‘झेन’ झाला. याला ग्रंथांचे, भाषांतरांचे, शिष्यपरंपरेचे भक्कम पुरावे आहेत. कुणीही परीक्षक यावर हसणार नाही. मग जे खरे दिले ते सोडून लाथा-बुक्क्यांचे श्रेय मागण्याची आपल्याला इतकी हौस का, हे मला आजवर उमगलेले नाही. मी स्वतः ती हौस केली आहे, म्हणून बोलतो.

आता त्या मुलीच्या तायक्वांदोकडे वळू. ही कला दोन हजार वर्षे जुनी आहे, असे तिला वर्गात सांगितले असेल. कोरियात अधिकृतपणे बराच काळ हेच सांगितले गेले. कोगुर्यो राज्याच्या काळातील थडग्यांच्या भिंतींवर दोन पुरुष समोरासमोर पवित्रा घेऊन उभे असलेली चित्रे आहेत. सिला राज्यात ह्वारांग नावाचे तरुणांचे पथक होते. ‘सुबाक’ आणि ‘तेक्क्योन’ या जुन्या प्रकारांची नावे आहेत. १७९० मध्ये राजाज्ञेने तयार झालेला ‘मुये दोबो तोंगजी’ हा युद्धकलेचा ग्रंथही आहे. हे सगळे एका माळेत ओवले की दोन हजार वर्षे होतात.

पण माळेचा दोरा ओढून पाहिला की काय दिसते? भिंतीवरचे ते दोघे झुंजत आहेत की नाचत आहेत, हे चित्र सांगत नाही. १७९० च्या ग्रंथातील निःशस्त्र लढतीचे प्रकरण बव्हंशी सोळाव्या शतकातील ची जिगुआंग या चिनी सेनापतीच्या ग्रंथावरून घेतलेले आहे. आणि ज्या आखाड्यांतून आजचे तायक्वांदो निघाले, ते ‘क्वान’ १९४४ ते १९५३ या दशकात सुरू झाले. त्यांच्या प्रमुख संस्थापकांपैकी अनेक जण जपानमध्ये कराटे शिकून आले होते. चुंग दो क्वानचे ली वॉन-गुक हे फुनाकोशी गिचिन यांचे शिष्य. ‘तायक्वांदो’ हे नाव १९५५ मध्ये जनरल चोई होंग-ही यांच्या पुढाकाराने ठरले आणि त्यांनीही तरुणपणी जपानमध्ये कराटेच शिकले होते. म्हणजे नाव आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांपेक्षा लहान आणि पाया जपानी.

इथे हसू नका. १९१० पासून १९४५ पर्यंत पस्तीस वर्षे कोरिया जपानच्या टाचेखाली होता. शाळांमधून कोरियन भाषा हद्दपार झाली, लोकांना नावे बदलावी लागली. अशा देशाने स्वातंत्र्य मिळाल्यावर आपल्या मुलांना, ‘तुमची राष्ट्रीय कला कालच्या मालकाकडून आली,’ असे सांगायचे? परक्या सत्तेखाली राहिलेल्या कोणत्याही समाजाला ही वेदना समजावून द्यावी लागत नाही. आपल्याला तर नाहीच नाही. त्यांनी जुने आजोबा शोधले ते खोटेपणाच्या आवडीने नव्हे, जखम झाकण्यासाठी. (जपानचेही तसेच. कराटे ओकिनावातले आणि त्या नावाचा पूर्वीचा अर्थ ‘चिनी हात’. १९३० च्या दशकात अक्षर बदलून तो ‘रिकामा हात’ करण्यात आला. सोवळे प्रत्येकाला असते.)

पण जखम झाकली म्हणून बरी होत नाही. १९९५ मध्ये स्टीव्हन केपनर या अभ्यासकाने कोरियातूनच निघणाऱ्या नियतकालिकात हा कराटेचा पाया स्पष्टपणे मांडला. खुद्द कोरियन अभ्यासकांतही याच दिशेने लेखन झाले. मग तायक्वांदो बुडाले का? १९८८ मध्ये सोलच्या ऑलिंपिकमध्ये ते प्रदर्शनीय खेळ म्हणून होते, २००० मध्ये सिडनीत पदकांचा खेळ झाले आणि आज जगभर खेळले जाते. कारण १९५५ नंतर कोरियन लोकांनी त्यात खरोखर नवे काही केले. हातांचा खेळ पायांवर आणला, उंच आणि फिरत्या लाथांचे शास्त्र उभे केले, स्पर्धेचे नियम घडवले. ती कमाई त्यांची आहे. तिच्यासाठी थडग्यातल्या चित्राची गरज नाही.

आता आपल्या पटांगणाच्या मधोमध उभ्या असलेल्या या सागवानी खांबाकडे पाहू. दुसऱ्याच्या वंशावळीला प्रश्न विचारले, तेच प्रश्न आपल्यालाही लागू होतात.

मल्लखांबाची कथा आपण सारे जाणतो. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या हैदराबादेतून अली आणि गुलाब हे दोन नामांकित पहिलवान आले आणि त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. कुणी पुढे येईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने विडा उचलला, मुदत मागितली, वणीला जाऊन सप्तशृंगीची उपासना केली. त्याला स्वप्नात दृष्टांत झाला आणि मारुतीने लाकडी खांबावर पकडी दाखवल्या. परतून त्याने अलीला चीत केले आणि गुलाबाने न लढताच माघार घेतली. काही जण मारुतीऐवजी झाडावर खेळणाऱ्या वानराची गोष्ट सांगतात.

या कथेप्रमाणे मल्लखांबाचे वय सुमारे दोनशे वर्षे. दुसरा बाजीराव १७९६ ला गादीवर आला आणि १८१८ ला राज्य गमावून ब्रह्मावर्तास गेला. त्या काळाच्या अलीकडे-पलीकडे जाता येत नाही.

पण अलीकडे कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत आपण वाचतो, ‘बाराव्या शतकापासून चालत आलेला खेळ.’ काही ठिकाणी तर ‘दोन हजार वर्षांचा’. बाराव्या शतकाचा आधार खरा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास रचलेला ‘मानसोल्लास’. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले. राजाने कोणकोणत्या विनोदांत मन रमवावे हे सांगताना त्यात मल्लविनोदाचे प्रकरण येते. मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार, त्यांचे श्रम यांचे तपशील आहेत. भार उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातला सलिलश्रम आणि त्यातच एक स्तंभश्रम, म्हणजे खांबावरची मेहनत. गायकवाड प्राच्यमालेत हा ग्रंथ गो. कृ. श्रीगोंदेकरांनी संपादित केला आहे, कुणीही पाहावा.

एवढ्यावरून आजचा मल्लखांब बाराव्या शतकात होता असे म्हणता येईल का? इथे मी थांबतो. मल्ल खांबाशी मेहनत करीत होता, हे निश्चित. पण आत्ता या मुलांनी केलेले दसरंग, फरारे, ताजवे तिथे नाहीत. असणारही नाहीत, कारण यांतले कित्येक शब्द फारसी वळणाचे आहेत आणि ते दख्खनच्या दरबारांतून, फौजांतून मराठीत उतरले. आपण ज्याला ‘तालीम’ म्हणतो तो शब्द अरबी, ‘पहिलवान’ फारसी, खेळाआधी करतो ती ‘सलामी’ही तिकडचीच. त्याचवेळी ‘आखाडा’ संस्कृत ‘अक्षवाट’ पासून आला, ‘मल्ल’ तर वेदोत्तर वाङ्मयापासून आपल्याबरोबर आहे आणि ‘नियुद्ध’ अमरकोशात बाहुयुद्ध या अर्थाने दिलेला आहे. बोंड, मान आणि अंग ही खांबाच्या भागांची नावे तर शुद्ध मराठी घरातली. वस्ताद एका दमात ही सगळी नावे घेतात तेव्हा त्यांच्या तोंडून या खेळाचा इतिहासच बोलत असतो. ऐकणारा कान हवा.

सोमेश्वर आणि बाळंभट यांच्यामध्ये जवळजवळ पावणेसातशे वर्षे आहेत. त्या पोकळीत एक दिवा आहे. गुजरातेत मोढेरा येथील ज्येष्ठीमल्लांचा ‘मल्लपुराण’ हा ग्रंथ. भोगीलाल सांडेसरा आणि र. ना. मेहता यांनी तो १९६४ मध्ये बडोद्याहून प्रकाशित केला. त्यातही मल्लाच्या श्रमांत स्तंभश्रम आहे. म्हणजे खांबाची मेहनत मधल्या काळात अगदीच विझली नव्हती. पण मोढेऱ्याहून पुण्यापर्यंत ती कुणी आणली, बाळंभटाने ती पाहिली होती का, याचा कागद नाही.

मग बाळंभटाने केले काय? माझा तर्क सांगतो, तर्क म्हणूनच घ्या. मल्लाच्या मेहनतीला पूरक म्हणून असलेल्या खांबातून त्याने पकडींची, अढ्यांची, उतरण्याची एक स्वतंत्र विद्या बांधली. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला जी अढी घालायची ती खांबाला घालून हजार वेळा घोटता येते आणि खांब थकत नाही, हे त्याच्या लक्षात आले. स्वप्न पडले असेल. ज्याचा ध्यास घेतला तेच स्वप्नात येते, यात अविश्वसनीय काही नाही. उपासकाला ते मारुतीच्या रूपात दिसले, तर त्यावर वाद घालणारे आपण कोण?

चित्रांचा पुरावा देणाऱ्यांनाही एक सांगायला हवे. बंगालमधील चंद्रकेतुगडच्या प्राचीन मृण्मय शिल्पांचा दाखला दिला जातो. पण काठीवर चढून कसरत करणारे आपल्याकडे नेहमीच होते. डोंबारी आपल्या बाजारात आजही बांबू रोवतो. बांबूवर चढलेली प्रत्येक आकृती मल्लखांबपटू ठरवायची असेल, तर कोरियन थडग्यातील ते दोघेही तायक्वांदोच खेळत होते, हे मान्य करावे लागेल. माप एकच हवे.

या मापाने आपला अभिमान कमी होतो का? जोडून पाहा. बाळंभटापासून पुढे ही साखळी माणसांच्या नावांनी मोजता येते. कोंडभटनाना गोडबोले, दामोदरगुरू मोघे. राज्य गेल्यावर बाजीरावाबरोबर ही विद्या ब्रह्मावर्ताला गेली आणि तिथून काशीच्या आखाड्यांत रुजली. बडोद्याला जुम्मादादांची व्यायामशाळा आणि त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव. त्याच बडोद्यातून द. चिं. मजुमदार यांच्या संपादनाखाली दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत निघाला. आपल्या शेजारी अमरावतीत १९१४ मध्ये अंबादासपंत वैद्यांनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारले आणि त्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. पारतंत्र्यात असताना, हे लक्षात घ्या. १९८१ मध्ये उज्जैनला स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली, २०१९ मध्ये मुंबईत जागतिक स्पर्धा झाली, २०२४ मध्ये उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. राजाश्रय गेल्यावर, केवळ गुरूने शिष्याच्या हाती दिली म्हणून दोनशे वर्षे टिकलेली ही विद्या आहे. बाराव्या शतकाचा शिक्का मारल्याने यात काय भर पडते? उलट बाळंभटाचे श्रेय मात्र हरवते. ज्याने घडवले त्याला आपण केवळ ‘पुनरुज्जीवक’ करून बाजूला बसवतो.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. केळझर ही महाभारतातील एकचक्रानगरी, भीमाने बकासुराला इथेच लोळवले, असे आपण मानतो. एरंडोलचे लोक तेच एरंडोलबद्दल मानतात, बिहारमधील आराचे लोक आराबद्दल. भक्ताने आपापल्या ठिकाणी हात जोडावेत, कुणाचे काही बिघडत नाही. पण इतिहास म्हणून बोलायचे तर वाट दुसरी. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे प्रतिपादन केले. ताम्रपट, ग्रामनामे, पवनारला सापडलेली शिल्पे यांची त्यांनी जुळणी केली. पुढे रामटेकजवळच्या मनसरला उत्खनन झाले आणि काही संशोधकांनी प्रवरपूर तिकडे नेले. पवनार वजनाने कमी झाले का? भरत-भेटीचे ते शिल्प विनोबांच्या आश्रमात आहे तसेच आहे. मिराशींचे मोठेपणही तसेच आहे, कारण त्यांनी आपले पुरावे उघड्यावर मांडले. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालता येतो. माझ्या त्या लेखाशी वादही घालता येत नव्हता.

तेव्हा त्या पालकांना माझे उत्तर असे : मुलीला तायक्वांदो खुशाल शिकू द्या. ते आपले नाही, आपल्याकडून गेलेले नाही, आणि म्हणून ते वाईटही ठरत नाही. टोचणी ठेवायचीच असेल तर दुसऱ्या एका गोष्टीची ठेवा.

कोरियात तेक्क्योन ही खरोखर जुनी कला जपानी अमलात जवळजवळ नष्ट झाली. सोंग दोक-गी नावाचा एक माणूस उरला. १८९३ चा जन्म. त्याला ती येत होती. लोकांनी म्हाताऱ्याला शोधून काढले, त्याच्याकडून शिकून घेतले, लिहून घेतले. १९८३ मध्ये सरकारने त्या कलेला संरक्षण दिले. १९८७ मध्ये तो गेला. २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत तेक्क्योनची नोंद झाली. दोन हजार वर्षांच्या दाव्याने जे मिळाले नाही, ते एका म्हाताऱ्याजवळ वेळेवर जाऊन बसल्याने मिळाले.

आपल्या जिल्ह्यात किती आखाडे होते? हिंगणघाट, पुलगाव, देवळी, सिंदी, आर्वी. कोणत्या वस्तादाने कुठे विद्या घेतली, अमरावतीहून कोण आले, वेताच्या मल्लखांबाचा वेत कुठून आणत, नागपंचमीच्या दंगलीत कोण उतरे? छापील इतिहासात हे नाही. तुमच्या घरांत आहे. आजोबांच्या पेटीत वर्गणीची वही असेल, प्रमाणपत्र असेल, लंगोट लावून उभ्या असलेल्या दहा जणांचा पिवळा पडलेला फोटो असेल. त्यातली नावे सांगू शकणारा एखादा म्हातारा अजून ओसरीवर बसलेला असेल.

मी उद्या दुपारपर्यंत आर्वीत आहे. सकाळी आठपासून या व्यायामशाळेच्या ओसरीवर वही घेऊन बसतो. वस्तादांनी परवानगी दिली आहे आणि इथले दोन विद्यार्थी लिहून घ्यायला येणार आहेत. ज्यांच्याकडे जे असेल ते घेऊन या. कागदाला वाळवी लागलेली असली तरी चालेल. ज्यांना चालवत नाही त्यांचा पत्ता सांगा, आम्ही त्यांच्याकडे जाऊ.